कानाला मशीन लावून नाटकाला जाताना

तयारी तिकीट काढण्याआधीच सुरू होते. नाटक ठरलं की आठ-दहा दिवस आधी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे कान तपासून मशीन जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाऊन या. तिथे नुसतं ‘नीट ऐकू येत नाही’ म्हणू नका, ‘नाटकाला जायचंय, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम घालून द्या’ असं स्पष्ट सांगा. बऱ्याच डिजिटल मशीनमध्ये असे तीन-चार प्रोग्रॅम, म्हणजे वेगवेगळ्या प्रसंगांसाठी ठरवून ठेवलेली सेटिंग्ज, साठवता येतात. गद्य नाटकासाठी समोरून येणारं बोलणं उचलणारा आणि पाठीमागचा आवाज दाबणारा प्रोग्रॅम हवा. संगीत नाटकाला मात्र तोच प्रोग्रॅम मारक ठरू शकतो. ऑर्गनवर लांबवलेला सूर मशीनला स्वतःचीच शिट्टी वाटते, ते तो सूर पुसायला जातं आणि सूर थरथरू लागतो. नांदीलाच हे झालं तर पुढच्या सगळ्या पदांचा रंग उतरतो. म्हणून गाण्याच्या प्रोग्रॅममध्ये शिट्टी रोखणारी आणि गोंगाट कमी करणारी सोय सौम्य किंवा पूर्ण बंद करून घ्या. बटण दाबल्यावर कितव्या बीपला कोणता प्रोग्रॅम लागतो, तेही तिथेच विचारून घ्या. घरी आल्यावर नाट्यसंगीत लावून दोन्ही प्रोग्रॅम ऐकून बघा. मशीन अगदी नवं असेल, तर नाटकाची घाई नको. कानाला आणि मेंदूला आधी घरातल्या आवाजांची सवय होऊ द्या.

आता खुर्ची. माझ्या मते निम्मी लढाई इथेच जिंकता येते, आणि महागड्या मशीनपेक्षा तिसऱ्या-चौथ्या रांगेतली मधली खुर्ची जास्त कामाची. मागच्या रांगांमध्ये आणि बाल्कनीत नटाचा थेट आवाज क्षीण होतो, भिंती-छतावरून परतलेला आवाज त्यावर चढतो. तो चहूबाजूंनी येत असल्यामुळे मशीनच्या समोरचं टिपणाऱ्या माइकचाही तिथे फारसा उपयोग होत नाही. पुढे बसायचं, पण कडेच्या स्पीकरखाली नको. तिथे आवाज मोठा येतो आणि शब्द मात्र फाटतात. मधे बसलं की नटांचे ओठ आणि चेहरेही दिसतात, आणि निसटलेला शब्द पुष्कळदा तिथे सापडतो. तिकीट ऑनलाइन काढताना रंगमंच कोणत्या बाजूला दाखवलाय ते नीट पाहून घ्या. खिडकीवर गेलात तर कारण सांगूनच जागा मागा, त्यात संकोच कसला?

नाट्यगृहात इंडक्शन लूप, म्हणजे माइकवरचा आवाज चुंबकीय लहरींनी मशीनपर्यंत पोचवणारी तार, आहे का, हेही विचारा. लूप असेल आणि तुमच्या मशीनमध्ये त्या लहरी पकडणारी टेलिकॉइल नावाची छोटी गुंडाळी असेल, तर माइकवरचा आवाज हॉलच्या घुमाऱ्याशिवाय थेट कानात येतो. आपल्याकडे ही सोय सहजी मिळत नाही, आणि म्हणूनच ती मागत राहिली पाहिजे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासारखी कितीतरी नाट्यगृहं महापालिकांची आहेत, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातलं कलम 29 सांस्कृतिक जीवनातला बरोबरीचा सहभाग मान्य करतं. व्यवस्थापकांना दोन ओळींचा अर्ज द्या. चार जणांनी दिला तर तो बाजूला सारणं अवघड जातं.

प्रयोगाच्या दिवशी मशीनमध्ये मळ जाऊ न देणारी जाळी (वॅक्स गार्ड) तपासा, कानात बसणारं मऊ टोक (डोम) पुसा. सेलवरचं मशीन असेल तर घरीच नवा सेल घाला. स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं तो उघड्या हवेत राहू द्या आणि मगच बसवा. सेलची जास्तीची पट्टी खिशात असू द्या. चार्जिंगचं असेल तर दुपारी पुन्हा डबीत ठेवा, म्हणजे तिसऱ्या अंकात दगा देणार नाही. पावसाळ्यात आदल्या रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायला विसरू नका. नाटकाचं कथानक आणि पात्रांची नावं आधी वाचून गेलात तर पहिली पंधरा मिनिटं फार सोपी जातात.

मोबाइल मशीनला जोडलेला असेल तर फोनची रिंग आणि मेसेजचे टिंगटिंग थेट तुमच्या कानात वाजतील, तेव्हा तो सायलेंट करण्यावर भागवू नका, मशीनपासून तोडूनच टाका. प्रोग्रॅम तिसऱ्या घंटेआधी लावून ठेवा. अंधारात मोबाइल उजळून आवाज कमी-जास्त करणं शेजाऱ्यांना आणि नटांनाही खुपतं. मशीनवरचं बटण अंदाजाने दाबता यायला हवं. संवाद कळेनासा झाला तरी आवाज एकदम वाढवू नका. त्याने मागच्याचा खोकला आणि एसीची घरघरही तेवढीच वाढते. प्रोग्रॅम बदलून बघा, आणि दोन्ही कानांची मशीनं असतील तर दोन्ही लावूनच बसा.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत जाण्याआधी रोजच्या प्रोग्रॅमवर या आणि परतल्यावर नाटकाचा पुन्हा लावा. कुठलं निसटलं ते कागदावर टिपून ठेवा: बायकांचे वरच्या पट्टीतले संवाद, कुजबुज, पाठमोऱ्या नटाचं बोलणं की हशानंतरचं पहिलं वाक्य. हा कागद पुढच्या भेटीत ऑडिओलॉजिस्टसमोर ठेवा, त्यावरून प्रोग्रॅममध्ये नेमकं काय बदलायचं ते त्यांना कळेल.