केमोनंतर ताप आला तर पहिल्या तासात काय करायचं

केमोच्या वॉर्डात मी सिस्टर आहे. पेशंट घरी निघाला की त्याच्या माणसाला बाजूला घेऊन मी एक गोष्ट वदवून घेते: ताप आला तर सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही.

बहुतेक केमोंनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, एक मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेल्या, की साधा संसर्गही काही तासांत सेप्सिसवर जाऊ शकतो. म्हणजे संसर्गाशी लढताना शरीराचाच तोल सुटतो, बीपी पडतं, किडनी, फुप्फुसं कोलमडायला लागतात. हे दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

थर्मामीटर डिजिटल घ्या आणि जिभेखाली लावा. गरम-गार काही प्यायलं असेल तर आधी थोडं थांबा. काखेतला आकडा कमी येतो. तोंड आलं असेल तर काखेत लावा, पण हे लक्षात ठेवून. गुदद्वारात कधीच नाही. १००.४ फॅरनहाइट दिसला की हॉस्पिटलला फोन करायचा, आणि त्याआधी पॅरासिटामॉल द्यायची नाही. गोळीने ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो, आणि आपण निर्धास्त होतो.

स्टिरॉइड चालू असेल तर ताप कदाचित येणारही नाही. मग माणसाकडे बघा. त्याला न सांगता छातीकडे नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा; सांगितलं की तो श्वास बदलतो. बावीस किंवा जास्त भरले, लघवी कमी झाली, पोर्टमधून (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली नळी) औषध गेल्यावर हुडहुडी भरली, तर ताप नसला तरी निघा. मला सगळ्यात धास्ती वाटते ती ‘दमलेत, झोपू दे’ या वाक्याची. हाक मारून उठवा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर भलतंच आलं तर ती झोप नव्हे. जखमेत पू नाही, एक्स-रे साफ आहे, यानेही धीर धरू नका. पू धरायलाही पांढऱ्या पेशीच लागतात.

कॅज्युअल्टीच्या दारात नुसतं ‘ताप आहे’ म्हणू नका. म्हणा, ‘केमो चालू आहे, शेवटची सायकल अमुक तारखेला झाली, ताप इतका आहे.’ फाइल, औषधांची यादी, ॲलर्जी, शेवटचा सीबीसी (रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) हातात ठेवा. पोर्ट असेल तर कल्चरसाठी, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ते बघायला, रक्त पोर्टमधून आणि हातातून असं दोन्हीकडून घेतात. रिपोर्टसाठी थांबायचं नसतं, पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं. विचारा, ‘सुरू झालं का?’ राग आला तर येऊ दे.

कॅन्सरच्या पेशंटला सेप्सिसमध्ये धोका इतरांपेक्षा जास्त असतो, रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर आणखीच. पण ‘कॅन्सरच आहे, आता काय’ म्हणून नातेवाईक हात टेकतात, तेव्हा माझा जीव तुटतो. वेळेवर आणलेले कित्येक जण आयसीयूतून चालत बाहेर पडलेले मी पाहिलेत.

घरी आल्यावर थकवा, विसरभोळेपणा काही महिने राहू शकतो. पुढची सायकल लांबेल, डोस कमी होईल किंवा पेशी वाढवायचं इंजेक्शन जोडलं जाईल. ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: ‘आधी सेप्सिस होऊन गेला आहे’, तारखेसकट.