कौले काढून पत्रा टाकलाय? रोहिणीच्या आत कैच्या बघून घ्या

जत-आटपाडीकडे वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडतात, पाटण-जावळीत पावसाने लाकूड कुजते. दोन्हीकडे लाकडी कैची, म्हणजे छप्पर पेलणारा तिकोनी सांगाडा, बहुधा सांध्यातच दगा देते, आणि सांधा खालून दिसत नाही. शिडी लावाच.

आधी भिंतीत गेलेले टोक बघा. पेचकस टोचा. पाते सहज आत शिरले, लाकूड काळपट, भुसभुशीत लागले तर कूज धरलीय. गवंडी हे टोक सिमेंटने गच्च बुजवून देतो. काम नेटके दिसते, पण ओल आत कोंडते. टोकाभोवती बोटभर फट ठेवा, खाली सपाट दगड द्या. खाली पिठासारखी भुकटी सांडली असेल तर भुंगा लागलाय. भिंतीवर वाळवीची मातीची नळी असेल तर मोडा आणि आठवड्याने पुन्हा बघा. पुन्हा बांधली असेल तर वाळवी आत आहे, औषध करावेच लागेल.

आता पत्र्याचे. मंगलोरी कौल एकेक दोन-अडीच किलोचे. त्या वजनानेच छप्पर जागेवर बसायचे. पत्रा हलका. त्यात गोठा एका बाजूने उघडा असला की वारा आत शिरून छप्पर खालून उचलतो. अशा वेळी नुसते खिळे उपटून येतात. पत्रा रिपेला (कैच्यांवरच्या आडव्या लाकडाला) हुकबोल्टने, रीप कैचीला आणि कैची खांबाला लोखंडी पट्टी व नटबोल्टने आवळा. यातला एक जोड जरी कच्चा राहिला तरी बाकीचा खर्च वाया. कैच्या आपसात तिरक्या पट्ट्यांनी बांधा, नाहीतर एक कलली की शेजारचीही कलते.

खालची आडवी तुळई ताण धरायला असते, कडबा रचायला नव्हे. पंख्यासाठी किंवा उंची मिळावी म्हणून ती कापायचा सल्ला कुणी दिला तर सरळ नाही म्हणा.

नवी कैची करायची तर साग किंवा ऐनाचे वाळलेले, गाभ्याचे लाकूड घ्या. कडेच्या पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते. बोरिक ॲसिड-बोरॅक्सचे द्रावण छपराखाली चांगले काम देते, पण पावसात भिजणाऱ्या लाकडातून ते धुऊन जाते. लाकूड वाळून आकसते, म्हणून पहिल्या उन्हाळ्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

आणि हो, बांधावरचा साग, ऐन किंवा जांभूळ स्वतःचा असला तरी तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. अर्ज आधी, कुऱ्हाड नंतर.