एका जादा बारची गोष्ट

वसईला मैत्रिणीच्या लग्नात चर्चमध्ये 'आवे मारिया' वाजवायचं ठरलं. व्हायोलिनवर तिचा भाऊ, कीबोर्डवर मी. फ्रेंच संगीतकार गुनोची ही सुरावट बाखच्या सी मेजर प्रिल्यूडवर (कीबोर्डसाठीच्या छोट्या रचनेवर) बेतलेली, तर सुरावटीखालची साथ सगळी बाखचीच असणार, असं म्हणून मी स्वरलिपींच्या ऑनलाइन संग्रहातून थेट प्रिल्यूडच उतरवून घेतलं. तालमीत बाविसाव्या बारपर्यंत (बार म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेघांमधला एक खण) छान चाललं. पुढे मी एक बार पुढे, तो एक बार मागे. दोनदा तसंच झालं आणि दोघंही एकमेकांकडे 'चुकतंय कोण?' अशा नजरेने बघत राहिलो.

चूक कुणाचीच नव्हती. बाखचं प्रिल्यूड ३५ बारांचं. बाविसाव्यातून तेविसाव्यात जाताना बास, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, एफ शार्पवरून एकदम ए फ्लॅटवर उडी मारतो. ती खटकली म्हणून कुणीतरी मध्ये जी हा स्वर घालून एक बार वाढवला. तो बार श्वेंके या जर्मन संगीतकाराच्या नावाने ओळखला जातो. चेर्नी या पियानोशिक्षकाने संपादित केलेल्या आवृत्तीत तो आहे आणि गुनोनेही १८५३ मध्ये तोच धरला.

पुढे अशाच एका संग्रहात स्वयंसेवक म्हणून स्कॅन चढवायला लागले, तेव्हा हा बार फार उपयोगी पडला: छापील पानावर रचनाकाराशिवाय इतरांचाही हात असतो, हे त्याने शिकवलं होतं. नवे लोक नावाच्या रकान्यात नुसतं 'बाख' लिहितात आणि पुढे जातात. तसं करू नका. पान डोळ्यांजवळ धरा. प्रिल्यूडमध्ये हळू-मोठ्याच्या (पियानो-फोर्टेच्या) खुणा, आवाज वाढवत न्यायची क्रेसेंडोची कात्रीसारखी खूण, कुठलं बोट वापरायचं ते सांगणारे आकडे दिसले, तर ते बाखचे नाहीत. म्हणजे संपादक आहे, त्याला शोधा. मुखपृष्ठ स्कॅनमध्ये बरेचदा नसतंच. मग पानाच्या तळाशी मधोमध छापलेला प्लेट नंबर, म्हणजे प्रकाशकाने छपाईच्या पत्र्याला दिलेला क्रमांक, बघा. त्यावरून प्रकाशक आणि साधारण साल लागतं, आणि त्यावरून बहुतेक वेळा संपादकही सापडतो.

अरेंजर, म्हणजे रचना दुसऱ्या वाद्यांसाठी मांडणारा, वेगळा. मुसोर्ग्स्कीने 'पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन' १८७४ मध्ये पियानोसाठी लिहिलं. ऑर्केस्ट्राची गाजलेली मांडणी १९२२ची, राव्हेलची. फाइल ऑर्केस्ट्राची असेल तर दोन्ही नावं हवीत. (आपल्याकडे हिंदी सिनेमात सेबॅस्टियन डिसूझांसारख्या गोव्याच्या अरेंजर मंडळींनी केवढं लिहून ठेवलं, आणि पडद्यावर नाव अनेकदा नुसतं 'सहायक' म्हणून. तो राग मी इथे काढते, असं समजा.)

नाव चुकलं की कॉपीराइटही चुकतो. 'अल्बिनोनीचं अडाजिओ' बरोक काळातलं समजून बिनधास्त चढवलं जातं. ते रेमो जाझोट्टो या इटालियन संगीत-अभ्यासकाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केलं आणि तो वारला १९९८ला. भारतातला मृत्यूनंतर साठ वर्षांचा नियम लावला, तरी २०५८ संपेपर्यंत हात लावायचा नाही. उलट पियानोच्या पहिल्या-दुसऱ्या ग्रेडची मुलं वाजवतात तो जी मेजर मिन्युएट बाखचा नसून त्याच्याच काळातल्या पेट्झोल्डचा. तिथे कायद्याची अडचण नाही, पण बाखच्या नावावर खपवू नका. कंसात 'पूर्वी बाखच्या नावे' असं लिहा, नाहीतर शोधणाऱ्याला सापडणार नाही.

आणि स्वतःचं नाव? म्यूझस्कोअर या स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या नोट्स भरल्या असतील तर 'टाइपसेटर'. मी पहिल्या फाइलवर ऐटीत 'अरेंजर' लिहिलं होतं. दुसऱ्या स्वयंसेवकाने फक्त विचारलं, "नेमकं काय बदललंत?"

त्याच रात्री दुरुस्त केलं.