टाळेबंदीतील गल्लीचे आवाज कसे नोंदवावेत

टाळेबंदीत आपल्या गल्लीचे आवाज कसे बदलले हे शोधायचे असेल, तर पहिला पुरावा बहुधा आपल्याच मोबाईलमध्ये पडून असतो. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूला सायंकाळी ५ वाजता टिपलेला थाळ्यांचा गजर आणि पुढच्या दोन महिन्यांतील रिकाम्या रस्त्यांचे व्हिडिओ आधी शोधावेत. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या प्रतीत आवाजाचा कस उतरतो व चित्रीकरणाची तारीखही सहसा उरत नाही, म्हणून मूळ फाइलच मिळवावी.

ती डोळे मिटून ऐकावी. रस्ता दिसत राहिला की दूरचे आवाज निसटतात. जे ऐकू येईल ते क्रमाने लिहावे, मग ती शेजारच्या कुकरची शिट्टी का असेना. मात्र जुन्या आणि आजच्या आवाजाच्या मोठेपणाची तुलना करू नये, कारण बहुतेक मोबाईल शांत जागी आवाज आपोआप वाढवून टिपतात आणि गोंगाटात तो कमी करतात. ॲपवरील डेसिबलचे आकडेही प्रमाणित यंत्राइतके भरवशाचे नसतात. निवासी भागाची दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ओलांडली गेली की नाही, हे त्यांवरून ठरवू नये.

पक्षी तेव्हा मोठ्याने गात होते, असे अनेक जण सांगतील. ही आठवण खरी असली तरी तिचे कारण वेगळे असू शकते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील चिमणीसारख्या एका पक्ष्याच्या २०२० मधील अभ्यासात, तो टाळेबंदीत उलट हळू गात होता आणि वाहनांचा गोंगाट ओसरल्याने त्याचे गाणे अधिक दूरवर पोहोचत होते, असे आढळले. त्यामुळे ‘वाढलेल्या’ प्रत्येक आवाजापुढे, त्याला झाकणारा कोणता आवाज थांबला होता, तेही लिहावे.

शेजाऱ्यांना ‘शांत होते का?’ असे विचारल्यास ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी, नाशिकमध्ये असाल तर, रामकुंड परिसरात देवळांच्या घंटांविषयी विचारावे. राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली, ही तारीख आठवणी लावून घेण्यास उपयोगी पडते. द्वारका चौकात हॉर्नविषयी, तर सातपूरमध्ये कारखान्याच्या भोंग्याविषयी विचारावे, आणि सर्वांत शेवटी कोणता आवाज परतला हे सगळीकडेच विचारावे.

आजचे ध्वनिमुद्रण त्याच गॅलरीतून, त्याच वेळी आणि शक्यतो त्याच महिन्यात करावे, कारण कोकिळेचा आवाज बाराही महिने सारखा नसतो. मोबाईल हातात न धरता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा आणि दहा मिनिटे तिथे कोणी बोलू नये.