ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयात संशोधन आणि अनुदान कसे वाढवावे

अमेरिकेत डी.ओ. म्हणजे ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची (हस्तोपचारही शिकवणाऱ्या वैद्यकशाखेची) पदवी घेतलेल्या डॉक्टरला तिथल्या एम.डी.इतकेच पूर्ण वैद्यकीय अधिकार असतात. मात्र ही पदवी देणारी बहुतेक महाविद्यालये अध्यापनासाठी उभी राहिली असून अनेकांकडे स्वतःचे रुग्णालय नसल्याने संशोधनाचा निधी त्यांच्याकडे कमी येतो. अशा ठिकाणी संशोधन-अधिष्ठात्याने अनुदानांची यादी वाटण्याआधी अध्यापकांचे वेळापत्रक पाहावे. सत्रभर शरीररचनेचे वर्ग घेणारा अध्यापक केवळ रात्री जागून प्रस्ताव लिहू शकत नाही. म्हणून सर्वांना थोडी थोडी सवलत देण्यापेक्षा मोजक्या होतकरू अध्यापकांना संशोधनासाठी राखीव वेळ द्यावा, आणि तो नेमणूकपत्रातच नोंदवावा. विभागप्रमुखाचे तोंडी आश्वासन परीक्षांच्या हंगामात टिकत नाही. अंतर्गत निधीतून प्राथमिक प्रयोगांना पैसे देताना ठरलेल्या मुदतीत बाहेरील संस्थेकडे प्रस्ताव पाठवण्याची अट घालावी.

पहिला प्रस्ताव अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, आर15 प्रकारातला असावा, असे माझे मत आहे. मागील 7 आर्थिक वर्षांपैकी 4 वर्षांत ज्यांना एनआयएचकडून वर्षाला 60 लाख डॉलरपेक्षा अधिक निधी मिळालेला नाही, अशा संस्थांसाठी तो आहे. त्यामुळे स्पर्धा बड्या विद्यापीठांशी होत नाही. पात्रतेच्या अटी चालू जाहिरातीतून पडताळून घ्याव्यात. या अनुदानात विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष सहभाग अपेक्षित असतो आणि ते येथे सहज जमते, कारण 2022 पासून परवाना परीक्षांच्या पहिल्या टप्प्याचे गुण जाहीर होत नसल्याने रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी, संशोधनाची नोंद हवी असलेले विद्यार्थी स्वतःहून येतात.

प्रस्ताव पूर्ण लिहिण्यापूर्वी उद्दिष्टांचे एक पान एनआयएचमधील संबंधित कार्यक्रम अधिकाऱ्याला पाठवून विषय त्याच्या संस्थेच्या कक्षेत बसतो का, हे विचारावे. संकोचापोटी ही पायरी अनेक जण गाळतात. जानेवारी 2025 पासूनच्या परीक्षणपद्धतीत संशोधकाची क्षमता आणि संस्थेची साधने यांना स्वतंत्र गुण नसून ती पुरेशी आहेत का, एवढेच पाहिले जाते. छोट्या महाविद्यालयाला हा दिलासा आहे. पण प्रश्नाचे महत्त्व आणि पद्धतीची काटेकोरता यांवर गुण मिळवावेच लागतात. त्यासाठी अंतिम तारखेच्या किमान दीड महिना आधी बाहेरच्या अनुभवी परीक्षकांना मानधन देऊन मसुदा तपासून घ्यावा. प्रस्ताव नाकारला गेल्यास परीक्षकांचे शेरे वाचून, मूळ प्रस्ताव पाठवल्यापासून 37 महिन्यांच्या आत सुधारित प्रस्ताव पाठवता येतो, आणि तो पाठवण्याची जबाबदारी अनुदान कार्यालयाने अंगावर घ्यावी.

रुग्णांवरील अभ्यासाला अधिक तयारी लागते. विद्यार्थी जिथे प्रशिक्षण घेतात त्या प्रादेशिक रुग्णालयांशी विदा-वापर (रुग्णांच्या माहितीचा वापर) आणि नैतिक मान्यता यांविषयीचे करार आधीच करून ठेवावेत. अनुदान मंजूर झाल्यावर वकिलांच्या पत्रव्यवहारात महिने जातात. हस्तोपचाराच्या चाचणीत तुलनेसाठी विश्वासार्ह दिखाऊ उपचार, म्हणजे रुग्णाला खरा वाटेल असा नकली उपचार, योजणे ही खरी अडचण असते. टेक्ससमधील फोर्ट वर्थच्या संशोधकांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, 455 रुग्णांच्या जुनाट कंबरदुखीवरील चाचणीत ती कशी हाताळली, हे नव्या संशोधकाने मुळातून वाचावे.

मिळालेल्या अनुदानासोबत येणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चाच्या (इमारत, वीज, कार्यालय यांसाठी संस्थेला मिळणाऱ्या) रकमेतील ठरावीक वाटा संशोधकाच्या प्रयोगशाळेकडे परत जाईल, असा लेखी नियम विश्वस्त मंडळाकडून पहिले अनुदान येण्यापूर्वीच मंजूर करून घ्यावा.