क्रूझवरून वाळवंटात जाताय? उन्हाचं सोडा, घड्याळ आणि पोट सांभाळा

मे महिन्यात भुसावळ स्टेशनावर गाडीची वाट पाहिलेल्या माणसाला वाळवंटातल्या उन्हाची काय भीती दाखवता भो. तसाही दुबईचा क्रूझ सीझन साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, उलट संध्याकाळी वाळू गार पडते आणि स्वेटर लागतो. आम्ही जळगावहून दोन फॅमिली गेलो होतो, उन्हाचा त्रास कुणालाच झाला नाही, पण बाकीचे घोळ बरेच झाले म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे बोट किती वाजता सुटणार ते बघा आणि मगच सफारी, म्हणजे गाडीतून वाळूच्या टेकड्यांवरची फेरी, बुक करा. संध्याकाळच्या सफारीत सूर्यास्त, जेवण, नाच असं सगळं असतं आणि परत यायला रात्रीचे नऊ सहज होतात, म्हणजे बोट रात्री बंदरातच थांबणार असेल तरच ती घ्यायची, नाहीतर गपचूप सकाळची घ्या. बोटीवरूनच बुक केली तर महाग पडते हे खरं, पण त्यांच्या गाडीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, आणि बाहेरून स्वस्तात घेतलेल्या गाडीसाठी कोणी थांबत नाही, पुढचं बंदर तुम्ही आपल्या खर्चाने गाठायचं. आणि हो, दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. बोटीचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ कधीकधी वेगळं असतं, मोबाईल आपोआप किनाऱ्याची वेळ धरतो, त्यामुळे हातात साधं घड्याळ घाला आणि ते बोटीच्या वेळेवर लावून ठेवा.

घरून फराळ नेताय तर अनारसे घरीच ठेवा. चेष्टा नाही, यूएईत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तिथं, खसखशीवर बंदी आहे आणि गुन्हा गंभीर धरतात, मसाल्याच्या पुडीत असली तरी नको.

आता पोटाचं. बंदरापासून वाळू सुरू व्हायला पाऊण ते एक तास लागतो, लहबाब नावाच्या वाळवंटी भागाकडे गेलात तर लोहाच्या गंजामुळे तांबूस दिसणारी वाळू बघायला मिळते. तिथं ड्रायव्हर गाडी थांबवून चारी टायरची हवा काढतो, फुस्स आवाज येत राहतो, टायर उंटाच्या पायासारखा पसरतो म्हणून वाळूत रुतत नाही. मी निघायच्या आधी बोटीवर छोले-पुरी हाणली होती. तिसऱ्या टेकडीवरून लँड क्रूझर आडवी घसरली आणि माझ्या तोंडून फक्त "भाऊ, थांबव" एवढंच निघालं, ड्रायव्हर हसत पिशवी पुढे करतो, त्याला रोजचंच आहे. तर दोन तास आधी हलकं खा, गाडी लागत असेल तर आधीच डॉक्टरला विचारून गोळी घ्या, पुढची सीट मागा. गरोदर बाई किंवा पाठीचं, मणक्याचं दुखणं असलेल्यांनी यात बसूच नये, त्यांना सरळ रस्त्याने कॅम्पवर, म्हणजे जेवण-नाच असतो त्या तंबूंच्या जागी, सोडायला सांगता येतं.

हवा काढायला थांबतात तिथंच एक जण येऊन तुमच्या डोक्याला झकास फडकं गुंडाळतो, फोटोही काढू देतो आणि मग दिरहम, म्हणजे तिकडचे पैसे, मागतो. आमचे सासरे शेतावरचा रुमाल बांधूनच गेले होते, त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही. क्वाड बाईकचेही (वाळूत चालवायची चारचाकी बाईक) बहुतेक वेळा वेगळे पैसे असतात, आधी विचारा.

उंटावर बसलात तर तो उठताना मागचे पाय आधी उचलतो, आपण पुढे झोकांडतो, म्हणून मागे रेलून घट्ट धरायचं, खाली बसतानाही तसंच. कॅम्पवर वेलचीची बिनसाखरेची कॉफी मिळते, गहवा म्हणतात, नको असेल तेव्हा कप हातात हलवून परत द्यायचा, नाहीतर तो ओततच राहतो.

वाटेत एखादं एकटं हिरवं झाड दिसलं तर नीट बघा. तिकडे त्याला गाफ म्हणतात, त्यांचं राष्ट्रीय झाड आहे, आणि ते दुसरं तिसरं काही नसून आपली शमी. सासूबाईंनी पानं ओळखली आणि त्या भर वाळवंटात हात जोडून उभ्या राहिल्या, ड्रायव्हर बघतच राहिला.

चपला घाला, बूट नकोत. बोटीवर चढायच्या आधी वाळू झटकून घ्या, आमच्या पोराच्या बुटातली वाळू जळगावला येऊन अंगणात सांडली.