बर्फाळ रस्त्यावर गटाने सायकल चालवताना

इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्टसारख्या डोंगराळ प्रदेशात हिवाळ्यात गटाने सायकल चालवताना खरा धोका डोळ्यांना दिसणाऱ्या हिमापेक्षा डांबरावर गोठलेल्या पारदर्शक थराचा असतो, कारण तो नुसत्या ओल्या रस्त्यासारखाच भासतो. डिसेंबरअखेरीस तेथे सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो. त्यामुळे दगडी कुंपणांच्या सावलीतील रस्ता दिवसभर गोठलेलाच राहू शकतो, हवेचे तापमान २ किंवा ३ अंश सेल्सिअस असले तरीही. म्हणून बर्फ वितळावा यासाठी मीठ टाकलेले मुख्य रस्तेच निवडावेत आणि शेतांमधल्या अरुंद वाटा, त्या कितीही रम्य असल्या तरी, वसंतासाठी राखून ठेवाव्यात.

उन्हाळ्यात वारा चुकवण्यासाठी पुढच्याच्या चाकाला चिकटून जाण्याची सवय येथे पूर्णपणे सोडावी आणि दोघांमध्ये किमान तीन-चार सायकलींचे अंतर ठेवावे, म्हणजे एक घसरला तरी मागचे त्याच्यावर आदळणार नाहीत. सर्वांत पुढच्याने सावलीचा पट्टा येण्यापूर्वीच मोठ्याने सूचना द्यावी. बर्फावर पोहोचल्यावर ब्रेक लावू नये, हँडल वळवू नये, जागेवरून उठू नये. चाके सरळ ठेवून सायकल आपल्या गतीने पुढे जाऊ द्यावी. टायरमधील हवा थोडी कमी केल्यास ओल्या रस्त्यावर पकड सुधारते, परंतु गुळगुळीत बर्फावर केवळ धातूचे खिळे बसवलेले टायरच उपयोगी पडतात. घरी परतताच सायकलवरील मीठ पाण्याने धुऊन साखळी पुसावी आणि तिला तेल द्यावे.